कोकणातील चाराक्षेत्राचे खतव्यवस्थापन : सुरुवात गोठ्यापासून

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकणपट्टीत दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याकडे चाऱ्यासाठी सलग मोठी जमीन क्वचितच असते. घराजवळचे दहा-वीस गुंठे नेपियर गवत, आंबा-काजूच्या कलमांमधली मोकळी जागा, वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवरचे रानगवत, सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) चराई आणि कापणीनंतर रिकामे झालेले भाताचे मळे असे त्याचे चाराक्षेत्र तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते. प्रत्येक तुकड्याची माती वेगळी आणि तिची भूकही वेगळी असते, तरी खताचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी ‘एकरी युरिया किती टाकायचा’ या एकाच प्रश्नापासून सुरू होऊन तिथेच संपतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची जागा शेवटी आहे. कोकणातल्या दूध उत्पादकाकडे अन्नद्रव्यांचा तुटवडा वाटतो तेवढा नसतो; ती गोठा आणि शेत यांच्या वाटेवर पावसाच्या पाण्यात हरवतात. म्हणून आधी ती वाट बंदिस्त करावी, मग मातीची आम्लता पाहावी, त्यानंतर स्फुरदाची (फॉस्फरसची) सोय करावी, आणि एवढे झाल्यावर जी तूट उरेल तेवढ्यापुरतीच खताची गोणी विकत आणावी. पुढचे विवेचन याच क्रमाने केले आहे.

जांभ्या मातीचा स्वभाव

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बहुतेक वरकस जमीन जांभ्या खडकापासून बनलेली आहे. हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने या मातीतील चुना, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅश) धुऊन नेले असून मागे लोह आणि अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरली आहेत. तांबडा रंग त्यांचाच. याचे तीन परिणाम चारा पिकवणाऱ्याने कायम लक्षात ठेवावेत. पहिला असा की माती आम्ल असते आणि तिचा सामू (पीएच) बहुधा ५ ते ६.५ यांच्या दरम्यान आढळतो. दुसरा असा की टाकलेले स्फुरद लोह व अॅल्युमिनियम यांच्याशी बांधले जाते आणि मुळांना त्यातला थोडाच भाग मिळतो. तिसरा परिणाम म्हणजे या मातीतील चिकणकणांची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद कमी असल्यामुळे नत्र (नायट्रोजन) तर वाहून जातेच, पण देशावरच्या काळ्या जमिनीत टिकून राहणारा पालाशही येथे पाण्याबरोबर खाली झिरपतो. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, हे गणित डोळ्यांसमोर ठेवले की देशावरच्या शिफारशी जशाच्या तशा येथे का चालत नाहीत हे कळते.

आणखी एक गोष्ट माती तपासणीचा अहवाल वाचताना फसवते. कोकणातील मातीत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा मध्यम ते भरपूर दाखवला जातो, आणि त्यावरून नत्राची गरज नाही असा निष्कर्ष काढला जातो. हा कर्ब आम्ल मातीत सावकाश कुजतो आणि पिकाला त्यातले नत्र लगेच मिळत नाही, त्यामुळे कर्ब ‘जास्त’ असूनही नेपियर पिवळे पडलेले दिसू शकते.

चारा जमिनीतून काय नेतो

धान्याच्या पिकात दाणे बाहेर जातात आणि काड बहुधा शेतकऱ्याकडेच राहतो. चाऱ्याच्या पिकात मात्र जमिनीच्या वर उगवलेले जवळपास सगळेच कापून नेले जाते. एक टन हिरव्या नेपियरबरोबर ढोबळमानाने ३ किलो नत्र, १ किलोपेक्षा थोडे अधिक स्फुरद आणि ४ ते ५ किलो पालाश शेताबाहेर जातो. चार संकरित गाई वर्षाला साधारण ४० टन हिरवा चारा खातात असे धरले, तर त्या चाऱ्यातून सुमारे १२० किलो नत्र, ४५ किलो स्फुरद आणि १९० किलो पालाश गोठ्यात येतो. नेपियरच्या खताचा विचार करणारे बरेच जण नत्रावरच थांबतात. प्रत्यक्षात या गवताची सर्वांत मोठी मागणी पालाशाची असते, हे या आकड्यांवरून उघड होते.

गोठ्यात आलेल्या या अन्नद्रव्यांपैकी दुधातून बाहेर किती जाते, हे पाहिले तर बरेच शेतकरी चकित होतात. दहा लिटर दुधात जेमतेम ५० ग्रॅम नत्र, १० ग्रॅम स्फुरदमूलद्रव्य (शुद्ध फॉस्फरस) आणि १५ ग्रॅम पालाशमूलद्रव्य (शुद्ध पोटॅशियम) असते. खाल्लेल्या नत्राचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आणि पालाशाचा त्याहूनही मोठा भाग शेण व मूत्र यांतून परत येतो. शिवाय गाईला विकत आणून घातलेली पेंड, सरकी आणि भाताचा कोंडा यांतूनही अन्नद्रव्ये गोठ्यात येत असतात. भाताचा कोंडा तर स्फुरदाने समृद्ध आहे. पशुखाद्याच्या पोत्यासाठी दिलेल्या पैशांचा काही भाग म्हणूनच खतासाठीही दिलेला असतो, मग ते खत शेतात पोहोचो वा न पोहोचो.

आता दुसरी बाजू पाहू. एक संकरित गाय दिवसाला साधारण १५ किलो शेण आणि ८ लिटर मूत्र देते. चार गाईंचे वर्षाचे मूत्र ११ हजार लिटरांच्या पुढे जाते. गाईच्या मूत्रात सुमारे १ टक्का नत्र आणि जवळपास तेवढाच पालाश असतो, म्हणजे त्या मूत्रात ११० किलोच्या आसपास नत्र झाले. हे नत्र ४५ किलोच्या पाच युरिया गोण्यांइतके आहे. शेणातून येणारे नत्र वर्षाला सुमारे ७५ किलो भरते आणि त्यात ३५ ते ४० किलो स्फुरद असते. मूत्रात स्फुरद नाममात्रच असते, तर पालाश मुख्यतः मूत्रातच असतो. हे आकडे गाईचा आकार, खुराक आणि ऋतू यांप्रमाणे बदलतात, आणि कोकण कपिलासारख्या लहान बांध्याच्या देशी गाईसाठी ते बरेच कमी धरावे लागतील. तरी दिशा तीच राहते. शेण गोळा करणारे शेतकरी सर्वत्र आहेत, पण मूत्र गोळा करणारे फार थोडे आहेत, आणि खताचा निम्म्याहून अधिक भाग मूत्रातच असतो.

मूत्र धरून ठेवणे

गोठ्याच्या मागच्या भिंतीपाशी जिथे मोरीचे पाणी बाहेर पडते तिथे एकदा उभे राहून पाहावे. अळू गुडघ्यापर्यंत वाढलेले असते, गवत काळपट हिरवे आणि लुसलुशीत असते आणि दहा-पंधरा पावलांवर तीच माती असूनही गवत पिवळट व विरळ असते. खत कुठे चालले आहे हे सांगायला यापेक्षा निराळ्या तपासणीची गरज नाही.

मूत्र धरण्यासाठी गोठ्याची जमीन पक्की असावी लागते. जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी असेल तर सांधे सिमेंटने भरून घ्यावेत, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि मूत्र त्यातून आरपार जाते. जमिनीला मागच्या बाजूस दर ४० ते ६० फुटांना १ फूट इतका उतार द्यावा. याहून जास्त उतारावर गाभण गाईचे पाय घसरतात. मागे उथळ गटार काढून ते छप्पर असलेल्या टाकीत सोडावे. चार गाईंसाठी पाचशे लिटरांची टाकी पुरते, मात्र ती आठवडा-पंधरा दिवसांनी रिकामी व्हायलाच हवी. गोठा धुण्याचे पाणी शक्य तेवढे वेगळ्या मार्गाने काढावे. शेण आधी फावड्याने उचलून मगच पाणी मारले तर टाकीत पाणी कमी आणि मूत्र जास्त जाते.

मूत्रातील युरियाचे अमोनियात रूपांतर दोन-तीन दिवसांतच होते आणि तो अमोनिया हवेत उडतो. गोठ्यात पहाटे डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे उडून जाणारे नत्रच असते. ते थांबवण्याचे दोन सोपे उपाय आहेत. एक म्हणजे गाईखाली भाताचा पेंढा, वाळलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा अंथरणे. कोकणात पालापाचोळ्याला तोटा नाही, आणि पूर्वी राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) तोडली जाणारी कवळ (पानांसकट फांद्या) आज बऱ्याच गावांत तशीच पडून राहते. दुसरा उपाय म्हणजे गटारात व ओल्या अंथरुणावर रोज मूठ-दोन मूठ सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरणे. त्यामुळे अमोनिया बांधला जातो आणि त्याच वेळी शेणखतातले स्फुरदही वाढते. मात्र सुपर फॉस्फेट गव्हाणीत किंवा गाय चाटू शकेल अशा जागी पडता कामा नये. गोठ्यात वासासाठी चुना टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. खताच्या दृष्टीने ती उलटी आहे, कारण चुन्यामुळे अमोनिया अधिक वेगाने उडतो.

टाकीतील मूत्र शेताला देताना त्यात तीन-चार पट पाणी मिसळावे आणि कापणी झालेल्या नेपियरच्या ओळींमध्ये संध्याकाळच्या वेळी ओतावे. कोवळ्या फुटव्यावर घट्ट मूत्र पडले तर पाने करपतात. ज्यांच्याकडे पाटाचे पाणी आहे त्यांना ते पाटातच बारीक धारेने सोडता येते. बायोगॅस असेल तर त्याची मळीही याच पद्धतीने वापरावी. गॅससाठी शेण वापरल्याने त्यातले नत्र नाहीसे होत नाही, उलट त्याचा मोठा भाग पिकाला लवकर मिळणाऱ्या रूपात येतो.

गायरीवर छप्पर

परसातल्या उघड्या गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) वर्षभर शेण टाकायचे आणि वैशाखात ते उपसून शेतात न्यायचे, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या ढिगावरून एका पावसाळ्यात तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ जातो. ढिगाखालून वाहणारे काळसर पाणी म्हणजे नत्र आणि पालाश यांचा काढा असतो आणि मे महिन्यात हाती येते ते बव्हंशी चोथा. खड्डा उंचवट्यावर घ्यावा, त्याच्या चारही बाजूंनी बांध घालावा आणि वर झावळ्यांच्या झापांचे, पत्र्याचे किंवा जाड प्लास्टिकचे छप्पर घालावे. मला विचाराल तर खतावर खर्च करायला पहिले हजार-दोन हजार रुपये मिळाले, तर ते युरियाऐवजी या छपरावरच घालावेत.

खड्डा सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल पुरतो. लांबी गुरांच्या संख्येवर ठरवावी. तो एकाच वेळी सगळा न भरता एका टोकापासून तीन-तीन फुटांचे भाग करून भरत जावा आणि प्रत्येक भाग जमिनीच्या वर दीड फूट आला की शेणमातीने लिंपून टाकावा. असा भाग चार-पाच महिन्यांत तयार होतो. मध्ये एकदा हात घालून मूठभर खत दाबून पाहावे. बोटांच्या फटींतून पाण्याचे दोन-चार थेंब आले तर ओल बरोबर आहे. आत पांढरी बुरशी दिसली आणि खत कोरडे लागले तर पाणी किंवा पातळ मूत्र शिंपडावे. आणि धार लागली, कुबट वास आला, तर छपरातून पाणी गळते आहे असे समजावे.

जांभ्या जमिनीत पाणी झपाट्याने झिरपते, म्हणून गायरी आणि मूत्राची टाकी विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही घेऊ नये. शंभर फुटांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे ठरते. नायट्रेट विहिरीत उतरले तर पाण्याचा रंग किंवा चव यांवरून ते कळत नाही, आणि तान्ह्या बाळांसाठी ते धोक्याचे असते.

मातीचा नमुना आणि अहवाल

नमुना घेण्यास एप्रिल-मे हा काळ उत्तम. प्रत्येक तुकड्याचा नमुना वेगळा घ्यावा. सडा, मळा आणि कलमांखालची जमीन यांची माती एकत्र केली तर अहवाल कोणत्याच जागेचा राहत नाही. तुकड्यातील आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची पातळ चकती काढावी. बांधालगतची, झाडाखालची, गुरे बसण्याच्या जागेची आणि जुन्या गायरीची माती टाळावी. सगळी माती सावलीत वाळवून, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन-दोन भाग काढून टाकत अर्धा किलो उरवावी आणि कापडी पिशवीत भरून, तुकड्याचे नाव व पीक लिहून कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्यावी. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून या मातीवर काम करीत आहे आणि स्थानिक शिफारशींसाठी तिथले मार्गदर्शन सर्वांत विश्वासाचे.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते. चाऱ्यासाठी त्यातला सामू, स्फुरद, पालाश, जस्त आणि बोरॉन यांकडे आधी पाहावे. स्फुरदाच्या बाबतीत एक गोष्ट प्रयोगशाळेला आवर्जून विचारावी. आम्ल मातीतले उपलब्ध स्फुरद ब्रे पद्धतीने मोजणे योग्य असते. ओल्सन पद्धत उदासीन व चुनखडीच्या जमिनींसाठी आहे. आम्ल मातीला ओल्सन लावून आलेल्या आकड्यावर खताचा खर्च ठरवू नये.

चुना कधी, किती आणि कोणता

सामू ५.५ च्या खाली असेल तर चुन्याशिवाय दुसऱ्या खतांचा पुरता उपयोग होत नाही. अशा मातीत विद्राव्य अॅल्युमिनियम मुळांची टोके खुंटवते आणि मुळेच आखूड राहिल्याने पाणी व अन्न दोन्ही कमी मिळते. नेपियरचे एखादे ठोंब उपटून पाहिल्यास मुळे जाड, तोकडी आणि तंतुमुळांशिवाय दिसतात. चुन्याची नेमकी गरज प्रयोगशाळेतील बफर चाचणीने कळते. तशी चाचणी नसेल तर बारीक दळलेला चुनखडीचा दगड एकरी ४ ते ५ क्विंटल इतका देऊन दोन वर्षांनी पुन्हा सामू पाहावा. सामू ६ च्या आसपास आला की थांबावे. तो ७ पर्यंत नेण्याच्या नादात जस्त आणि बोरॉन यांची कमतरता ओढवून घेतली जाते, आणि पैसे जातात ते वेगळेच.

कोकणात शिंपल्यांचा भाजलेला चुनाही मिळतो. रासायनिकदृष्ट्या १०० किलो चुनखडीचे काम ७४ किलो विरवलेला चुना किंवा ५६ किलो कळीचा चुना करतो, त्यामुळे भाजलेला चुना त्या हिशेबाने कमी वापरावा. कळीचा चुना हाताने पसरू नये, तो कातडी आणि डोळे भाजतो, विरवूनच वापरावा. डोलोमाइट मिळाला तर तो अधिक चांगला, कारण त्यातून मॅग्नेशियमही मिळते आणि जांभ्या मातीत त्याचीही उणीव असते. चुलीची लाकडाची राख चुना व पालाश दोन्ही पुरवते, तेव्हा ती उकिरड्यावर न टाकता नेपियरच्या ओळीत टाकावी. भाताच्या तुसाची राख मात्र बहुतेक सिलिकाच असते, तिच्याकडून अशी अपेक्षा करू नये.

नवी लागवड असेल तर चुना लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा. उभ्या गवतात तो कापणीनंतर, मे महिन्यात किंवा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, ओळींमध्ये पसरून हलकी खुरपणी करावी. चुना आणि युरिया, किंवा चुना आणि ताजे शेण, एकाच वेळी कधीही देऊ नयेत.

स्फुरद मातीपासून वाचवून द्यावे

स्फुरद मातीत विखरून टाकले की ते अधिकाधिक लोह-अॅल्युमिनियमच्या संपर्कात येते आणि अधिक बांधले जाते. म्हणून ते शेणखतात मिसळून, मुळांजवळ, ओळीत किंवा खड्ड्यात द्यावे. लागवडीच्या वेळी ३ बाय २ फुटांवरच्या प्रत्येक जागी ओंजळभर मुरलेले शेणखत आणि चिमूट-दोन चिमूट सुपर फॉस्फेट एकत्र करून टाकणे, हे सगळ्या शेतावर खत उधळण्यापेक्षा कितीतरी किफायतशीर पडते. एकरी १०० ते १२५ किलो सुपर फॉस्फेटमधून १६ ते २० किलो स्फुरद मिळते आणि त्याबरोबर गंधक व कॅल्शियमही जमिनीत जाते.

आम्ल मातीची एक सोयही आहे. खनिज फॉस्फेटची दळलेली पूड काळ्या जमिनीत जवळपास निरुपयोगी असते, पण सामू ५.५ च्या आसपास असलेल्या मातीत आम्लतेनेच ती सावकाश विरघळते. बारमाही गवत आणि स्टायलोसारखी द्विदल चारापिके यांच्यासाठी ती स्वस्त पडते. मात्र ती आणि चुना एकाच तुकड्यात एकाच वर्षी देऊ नये, कारण चुना तिचे विरघळणे थांबवतो. ज्या तुकड्यात चुना दिला तिथे सुपर फॉस्फेट द्यावे आणि जिथे चुना द्यायचा नाही तिथे खनिज फॉस्फेट, असा साधा नियम पाळावा.

पावसाच्या वेळापत्रकाप्रमाणे नत्र आणि पालाश

नेपियरला प्रत्येक कापणीनंतर एकरी १५ ते २० किलो नत्र हवे असते, म्हणजे ३५ ते ४५ किलो युरिया. मूत्र किंवा मळी नियमित दिली जात असेल तर हा युरिया निम्मा करावा, आणि पाने रुंद व गडद हिरवी दिसत असतील तर त्या कापणीला तो पूर्ण टाळावा. जुन्या पानांचा पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकत असेल तर नत्र कमी आहे. कडा करपून तपकिरी होत असतील तर पालाश कमी आहे. युरिया टाकण्याची वेळ दिवसापेक्षा आकाश पाहून ठरवावी. जमिनीत वाफसा (ना चिखल ना कोरड अशी ओल) असताना, मुसळधार सर कोसळण्याची शक्यता नसताना खत द्यावे आणि ते मातीने झाकावे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर जमीन नीट भिजली की एक हप्ता द्यावा. जुलैत पावसाची झड सुरू असताना काहीही देऊ नये. ऑगस्टमधल्या उघडिपीत दुसरा हप्ता द्यावा. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या कारखान्यातला युरिया जुलैत शेतात टाकणे म्हणजे तो ओढ्यावाटे पुन्हा समुद्राकडे पाठवणे आहे. पावसाळ्यातले हे राहिलेले हप्ते हिवाळ्यात व उन्हाळ्यात, ओलिताच्या पाण्याबरोबर, दुप्पट फायद्याचे ठरतात.

पालाशाचे म्युरेट ऑफ पोटॅश हे खतही एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत, एका वेळी एकरी १५ ते २० किलो, असे द्यावे. मूत्र पूर्णपणे परत जात असलेल्या तुकड्याला त्याची सहसा गरज पडत नाही. अहवालात जस्त कमी असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. लोह आणि मँगनीज यांवर कोकणात खर्च करण्याचे सहसा कारण नसते.

येथेच अतिरेकाचा धोकाही सांगायला हवा. घराजवळचा तुकडा सोयीचा म्हणून सगळे मूत्र, सगळी मळी आणि वर युरियाही त्याच दहा गुंठ्यांत ओतला जातो. अशा गवतात नायट्रेट साचते, विशेषतः ढगाळ हवेत किंवा पाण्याचा ताण पडल्यावर. आणि पालाशाच्या अतिरेकाने गवतातील मॅग्नेशियम घटते. नेपियरमध्ये मुळातच ऑक्झलेट असते. ते गाईच्या शरीरातील कॅल्शियम बांधते, आणि कोवळ्या, भरपूर खत दिलेल्या फुटव्यात त्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून कापणी ४५ दिवसांच्या आसपास करावी, जमिनीपासून चार-पाच इंच सोडून कापावे, नुसते नेपियर न घालता त्यात चवळी, शेवरी, गिरिपुष्पाचा पाला किंवा भाताचा पेंढा मिसळावा आणि दुभत्या गाईला खनिज मिश्रण चालू ठेवावे. युरिया टाकलेल्या तुकड्यातला चारा निदान तीन आठवडे कापू नये आणि तिथे गुरेही सोडू नयेत.

सडा, कलमे आणि मळे

सड्यावर मातीचा थर काही इंचांचाच असतो आणि खाली अखंड कातळ. तिथे युरिया टाकणे व्यर्थ आहे. अशा जागी स्टायलो पेरणे हाच परवडणारा मार्ग ठरतो. हे द्विदल गवत आम्लता आणि स्फुरदाची टंचाई दोन्ही सोसते, हवेतले नत्र मुळांवरच्या गाठींत बांधते आणि शेजारच्या रानगवतालाही त्याचा लाभ होतो. एकरी ३ ते ४ किलो बी लागते. बियांची साल कठीण असल्यामुळे पेरणीपूर्वी त्या ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात चार मिनिटे ठेवून लगेच गार कराव्यात, मग चवळी गटाचे रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) लावून, मूठभर खनिज फॉस्फेटबरोबर पहिल्या पावसात फोकावे. पहिल्या वर्षी गुरे सोडू नयेत. वणवा लागू नये म्हणून गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) जाळपट्टा (गवत आधीच काढून टाकलेला पट्टा) ठेवावा, कारण सड्यावरचे गवत जळते तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे नत्र हवेत जाते आणि उरलेली राख पुढच्या वळवाच्या सरीत उतरणीला लागते.

चरणारी गुरे खत परत देतात खरे, पण ते जिथे चरतात तिथे नव्हे, तर जिथे बसतात तिथे. एकाच आंब्याखाली, पाणवठ्यावर आणि बेड्यापाशी (फाटकापाशी) शेणाचा थर साचतो आणि लांबचा कोपरा वर्षानुवर्षे फक्त देत राहतो. खुंटी दर दोन-तीन दिवसांनी सरकवणे, पाण्याचे भांडे हलवत ठेवणे आणि साचलेले शेण उचलून लांबच्या कोपऱ्यात टाकणे एवढ्याने बराच फरक पडतो. कापणीनंतर मळ्यात गुरे बांधण्याचा जुना रिवाज, आणि घाटावरून उतरणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांचा वाडा शेतात बसवण्याचा रिवाज, हे मूत्र थेट मातीत पोहोचवण्याचेच मार्ग आहेत. फक्त रात्रीची जागा रोज बदलली पाहिजे आणि सकाळी ती जमीन उकरून मूत्र झाकले पाहिजे. नारळाच्या बागेत गिनी गवत किंवा नेपियर लावले असेल तर गवताचे खत नारळाच्या खतातून वजा करू नये. दोघांचे स्वतंत्र द्यावे, नाहीतर तीन-चार वर्षांत नारळाचे पीक घटते आणि दोष गवतावर येतो.

खाडीकाठच्या खाजणाची गोष्ट निराळी. तिथे प्रश्न आम्लतेचा नसून मिठाचा असतो, म्हणून अहवालात आधी विद्युत वाहकता (क्षारांचे माप) पाहावी. पावसाचे गोडे पाणी बांधात अडवून ते सोडून देणे, म्हणजे मीठ धुणे, हा पहिला उपाय. पॅरा गवत अशा ओल्या, थोड्या खाऱ्या जागेत तग धरते. या मातीत पालाश सहसा पुरेसा असतो, त्यामुळे क्लोराइड वाढवणारे म्युरेट ऑफ पोटॅश तिथे टाळावे, नत्र अमोनियम सल्फेटमधून द्यावे आणि जिप्सम केवळ कुणी सांगितले म्हणून टाकू नये. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्र याच प्रश्नांसाठी आहे.

प्रत्येक तुकड्याची एक पानाची नोंद ठेवावी, ज्यात कापणीची तारीख, निघालेले भारे, दिलेले मूत्र, शेणखत, चुना आणि गोणीचे खत एवढेच लिहिले जाईल. पुढचा मातीचा नमुना दोन-तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच तुकड्यातून घेऊन त्याच पद्धतीने तपासून घ्यावा. महिना किंवा पद्धत बदलली तर जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करता येत नाही.